पिंजून आलेल्या लोकरीत दरवेळी गुठळ्या का राहतात?

लहान मिलकडून लोकर पिंजून घेणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची सूत काढण्यासाठी केलेली सैल वळी, मऊ असतो, रंगही उजळलेला असतो, परंतु तो बोटांतून ओढू लागताच टाचणीच्या डोक्याएवढ्या गुठळ्या हाताला लागतात. सूत काढताना त्या अडकतात, तेथे सूत फुगते आणि पीळ मात्र शेजारच्या बारीक भागात जाऊन साठतो. पुढच्या खेपेला लोकर अधिक जपून धुतली जाते, कधी मिलही बदलली जाते, आणि तरीही गुठळ्या परत येतात. पाठवणारा यंत्राला दोष देतो, मिलचालक लोकरीला दोष देतो, आणि दोघांपैकी कोणीही ती गुठळी उकलून पाहिलेली नसते.

या वादात बहुतेक वेळा मिलचालकाची बाजू बरोबर ठरते, असे माझे मत आहे. मात्र त्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. पिंजण यंत्रात तारांचे दात बसवलेले अनेक रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात, बटा फोडून तंतू सुटे करतात आणि त्यांची एकसारखी पातळ जाळी अंथरतात. आखूड तंतू वेचून बाजूला काढणे हे काम विंचरणाऱ्या यंत्राचे असते आणि ते यंत्र लहान मिलमध्ये सहसा नसते. त्यामुळे थोडी माती आणि काडीकचरा रुळांखाली गळून पडला, तरी लोकरीबरोबर आत गेलेला आखूड किंवा चिकट तंतू जवळजवळ सगळाच पेळूत उतरतो. असे तंतू दातांनी नीट धरले जात नाहीत, रुळांमध्ये लोळतात आणि लोळता लोळता त्यांची गुठळी होते.

आधी गुठळी उकलून पाहावी

यासाठी फार साधने लागत नाहीत. पांढऱ्या लोकरीसाठी काळे कापड, गडद लोकरीसाठी पांढरा कागद, शिवणकामाच्या दोन सुया, एक मोजपट्टी आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढे पुरेसे आहे. पेळूच्या निरनिराळ्या भागांतून दहा-बारा गुठळ्या काढाव्यात, एक सुई गुठळीत रोवून ती स्थिर धरावी आणि दुसऱ्या सुईने तंतू एकेक करून बाहेर ओढावेत. पहिल्या दोन-तीन गुठळ्यांत काहीच कळत नाही. त्यानंतर मात्र एकाच प्रकारच्या गुठळ्या पुन्हा पुन्हा समोर येऊ लागतात.

गुठळीतून निघालेले तंतू दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड असतील आणि भिंगाखाली त्यांची दोन्ही टोके सरळ कापलेली दिसत असतील, तर दोष लोकर कातरतानाचा आहे. तंतूंचे तुकडे त्याहून लांब, परंतु मूळ बटेच्या साधारण निम्म्या लांबीचे आणि एकमेकांच्या जवळपास सारख्या मापाचे असतील, तर तंतू ठरावीक जागी कमकुवत होता आणि यंत्रात तेथेच तुटला. तंतू पूर्ण लांबीचे असूनही गुठळीच्या पोटात एक घट्ट गाभा असेल आणि सुईने ओढल्यावर तो सुटण्याऐवजी तुटत असेल, तर लोकर धुताना नमद्यासारखी, म्हणजे तंतू एकमेकांत घट्ट गुंतून झालेल्या जाड कापडासारखी, बसली आहे. तंतू सुटतात, पण एकमेकांना चिकटून येतात, बोटांत चोळल्यावर किंचित ओशट लागतात आणि गुठळी करडी दिसते, तेव्हा धुण्यात लोकरीतले नैसर्गिक मेण शिल्लक राहिले आहे. गाभ्यात गवताचा कण, बी किंवा त्वचेच्या कोंड्याचा पांढरा पापुद्रा असेल, तर निवड करताना तो भाग सुटून गेलेला असतो.

या सर्वांहून वेगळी अशी आणखी एक गुठळी असते. तिच्यात कचरा नाही, चिकटपणा नाही, तंतू पूर्ण लांबीचे आणि बारीक आहेत, आणि सुई लावताच ती सहज सुटते. अशा गुठळ्यांचे प्रमाण मोठे असेल तर मात्र मिलकडे विचारणा करणे रास्त आहे, कारण दात बोथट झालेले असणे, रुळांमधील अंतर किंवा गती त्या लोकरीला न मानवणारी असणे, अथवा खोलीतील हवा फार कोरडी असणे ही कारणे तेथे संभवतात.

निदानाची खात्री करून घेण्यासाठी प्रत्येक खेपेच्या वेळी दोन मुठी लोकर घरी राखून ठेवावी, एक न धुतलेली आणि एक धुतलेली. पेळूत गुठळ्या आढळल्यास राखलेली धुतलेली मूठ हातपिंजणीच्या फळ्यांवर हळूहळू पिंजून पाहावी. तेथेही तशाच गुठळ्या तयार झाल्या, तर मिलशी वाद घालण्यात अर्थ नाही. तेथे त्या झाल्या नाहीत, तर बोलणे सुरू करण्यासाठी हातात काहीतरी ठोस असते. नमुना न ठेवता पत्रव्यवहार करणाऱ्यांचा वेळ फुकट जातो, एवढेच मी म्हणेन.

दुबार कातरणीचे तुकडे

गुठळ्यांचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण हेच आहे. कातरणारा पहिल्या फटक्यात त्वचेपासून थोडा वर राहिला की अंगावर लोकरीचा आखूड थर उरतो. तो साफ करण्यासाठी त्याच जागेवरून यंत्र पुन्हा फिरवले जाते आणि निघालेले आखूड तुकडे मूळ लोकरीच्या कापलेल्या बाजूला चिकटून बसतात. मेंढी नीटनेटकी दिसावी या हौसेपायी हे फार घडते. राहिलेला थर मेंढीच्या अंगावरच राहू द्यावा, तो पुढच्या कातरणीपर्यंत वाढेल, असे कातरणाऱ्याला आधीच सांगून ठेवणे हा या समस्येवरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. नीटनेटकेपणा हवाच असेल, तर मुख्य लोकर उचलून बाजूला नेल्यानंतर उरलेले काम करावे.

तुकडे लोकरीत आलेच असतील, तर ते धुण्यापूर्वीच काढावे लागतात, कारण पाण्यात ते लांब तंतूंमध्ये गुंततात आणि नंतर वेगळे निघत नाहीत. बोटभर रुंद फटी असलेले पट्ट्यांचे किंवा जाळीचे टेबल घ्यावे, त्यावर लोकर कापलेली बाजू खाली ठेवून पसरावी आणि दोन्ही हातांनी उचलून उचलून झटकावी. बरेचसे तुकडे खाली गळतात. त्यानंतर लोकर उलटी करून कापलेली बाजू वर आणावी आणि उरलेले तुकडे हाताने वेचावेत. हे तुकडे मऊ लवेच्या लहान झुपक्यांसारखे दिसतात आणि तळहात अलगद फिरवला की बाजूच्या बटांपेक्षा सहज सरकतात. वेचायला वेळ लागतो आणि काम कंटाळवाणे आहे. परंतु पुढच्या कोणत्याही टप्प्यावर त्याची भरपाई होत नाही.

याच टेबलावर कडेची लोकर काढून घ्यावी. पोटाखालची, पायांची, शेपटीजवळची, शेण लागलेली, मुत्राने पिवळी पडलेली आणि मानेवरची काडीकचऱ्याने भरलेली लोकर मुख्य लोकरीत राहू देऊ नये. लोकर वाया जाऊ नये म्हणून कडा राखून ठेवण्याचा मोह होतो, आणि त्या कडेतील आखूड व भरड तंतूच संपूर्ण पेळू बिघडवतात. प्लॅस्टिकच्या सुतळीचे आणि पोत्यांचे धागे मात्र डोळ्यांत तेल घालून शोधावेत. यंत्रात त्यांचे बारीक तंतू होऊन ते सर्वत्र पसरतात, लोकरीचा रंग त्यांना लागत नाही आणि दोष अनेकदा तयार कापडावरच दिसतो.

तंतू मधेच तुटत असेल तर

जनावराला ताप आला, खाद्य अचानक बदलले, वीण किंवा दूध पाजण्याचा ताण पडला, तर त्या काळात वाढलेला तंतूचा भाग बारीक व अशक्त राहतो. पेन्सिलीएवढी जाड बट घेऊन तिची दोन्ही टोके घट्ट धरावीत, कानाजवळ नेऊन एकदम ताणावी आणि आवाज ऐकावा. सशक्त बट तारेसारखा स्वच्छ आवाज देते. कमकुवत बट कुरकुरते किंवा हातात दोन तुकडे ठेवते. खांदा, कूस आणि मागचा भाग अशा तीन ठिकाणच्या बटा तपासाव्यात, कारण एका जागेवरून संपूर्ण लोकरीचा अंदाज येत नाही.

तुटण्याची जागा टोकाशी असेल तर तेवढाच भाग तुटतो आणि उरलेली लांबी वापरता येते. ती मध्यावर असेल, तर दहा सेंटिमीटरची बट यंत्रात पाच-पाच सेंटिमीटरची होते आणि बरीचशी लहान यंत्रे एवढा आखूड तंतू नीट हाताळू शकत नाहीत. अशी लोकर पेळूसाठी पाठवू नये. नमदा करण्यासाठी किंवा भरण म्हणून ती उत्तम चालते. उन्हापावसाने टोके ठिसूळ झाली असतील, तर तीही यंत्रात तुटून गुठळ्या करतात. लहान प्रमाणात काम असेल तर धुण्यापूर्वी प्रत्येक बटेचे टोक ताठ ब्रशने मोकळे करणे उपयोगी पडते. दहा किलो लोकरीसाठी कोणी ते करत बसणार नाही.

लांबीचा दुसरा टोकाचा दोषही लक्षात ठेवावा. लहान मिलची यंत्रे साधारणपणे ७ ते १५ सेंटिमीटर लांबीचा तंतू चांगल्या रीतीने पिंजतात. त्याहून फार लांब तंतू रुळांना गुंडाळला जातो, ताणला जातो आणि तुटतो, आणि तुटलेला तंतू शेवटी गुठळीतच जातो. म्हणून आपल्या मिलची मर्यादा कातरणीपूर्वी विचारून घ्यावी आणि लांब वाढणाऱ्या जातींची कातरणी वर्षातून दोनदा करता येईल का, ते पाहावे.

धुलाईतील दोन परस्परविरोधी चुका

येथे गोंधळ असा होतो की मेण पूर्ण निघावे म्हणून पाणी गरम ठेवून लोकर खूप हलवली, तर तिचा नमदा होतो, आणि नमद्याच्या भीतीने कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतली, तर मेण राहते. दोन्हीची परिणती गुठळ्यांतच होते, आणि एका चुकीला घाबरून माणूस पुढच्या खेपेला दुसरी चूक करतो. प्रत्यक्षात या दोन दोषांची कारणे वेगळी आहेत. मेण निघते ते उष्णता आणि डिटर्जंट यांमुळे. नमदा प्रामुख्याने हालचालीमुळे होतो. लोकरीच्या तंतूवरील खवले मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने झुकलेले असल्याने ओला तंतू हालचालीने एका दिशेने सरकतो, पण परत मागे येत नाही. तेव्हा पाणी पुरेसे गरम आणि लोकर पूर्ण स्थिर, हे सूत्र धरून चालावे.

लोकरीतील मेण साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. त्याचे प्रमाण जातीनुसार फार बदलते. मेरिनोसारख्या बारीक लोकरीत ते कच्च्या वजनाच्या १० ते २५ टक्के असू शकते, भरड लोकरीत त्याहून कमी असते. घामाचे क्षार प्रामुख्याने पोटॅशियमचे असतात आणि ते थंड पाण्यातही विरघळतात. म्हणून फार मळलेली लोकर आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवल्यास क्षार आणि बरीचशी माती डिटर्जंटचा एक थेंबही न वापरता निघून जाते.

त्यानंतरच्या धुलाईसाठी पाणी ६० ते ६५ अंशांचे असावे. एक किलो लोकरीला पंचवीस ते तीस लिटर पाणी घ्यावे, पाणी हाताला निसरडे लागेल इतके सौम्य डिटर्जंट त्यात आधी मिसळावे, आणि मगच जाळीच्या पिशवीत सैल भरलेली लोकर वरून ठेवून तिला स्वतःच्या वजनाने बुडू द्यावे. पिशवी निम्म्याहून अधिक भरू नये, कारण दाटून भरलेल्या लोकरीच्या मधल्या भागापर्यंत पाणी पोहोचतच नाही. नळाची धार लोकरीवर सोडू नये. ढवळू नये, जाड हातमोजे घालून दोन-तीनदा अलगद खाली दाबणे पुरे. पंधरा-वीस मिनिटांत, पाणी ५० अंशांच्या खाली येण्यापूर्वी, लोकर बाहेर काढावी. येथे अनेकांचे काम बिघडते: पाण्यात सुटलेले मेण गार होताना पुन्हा तंतूंवर बसते, आणि पुन्हा बसलेले मेण पहिल्यापेक्षा हट्टी असते. दुसरे डिटर्जंटचे पाणी आणि पुढची खळबळण्याची दोन पाणीही जवळपास त्याच तापमानाची ठेवावीत.

साबणाऐवजी डिटर्जंट वापरण्याचे कारण असे की जड पाण्यात साबणाचा चुन्याशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो तंतूंना धरून राहतो. धुण्याचा सोडा टाकून काम लवकर उरकते खरे, परंतु पाण्याचा सामू वाढला की गरम पाण्यात लोकरीचा तंतू खराब होऊ लागतो आणि तो ठिसूळ तंतू यंत्रात तुटतो. कपडे मऊ करणारी द्रावणे शेवटच्या पाण्यात घालण्याची प्रथाही मला अनाठायी वाटते. पिंजण्यासाठी लागणारे तेल-पाणी मिल आपल्या अंदाजाने फवारते आणि त्यात आपण आधीच एक थर देऊन ठेवला तर तिचा अंदाज चुकतो.

मेण राहिले आहे की नाही, हे उन्हातून नुकत्याच उचललेल्या लोकरीवरून कधीही ठरवू नये. ऊबदार असताना मेण मऊ असते आणि लोकर छान मोकळी वाटते. तीच लोकर रात्रभर गार झाली की सकाळी बटांची टोके एकमेकांना चिकटलेली आढळतात आणि ती सुटी करताना बोटांना ओढ जाणवते. अधिक खात्रीसाठी थोडी लोकर दोन पांढऱ्या टिश्यू कागदांत ठेवून वरून मंद इस्त्री दाबावी. कागदावर पारदर्शक तेलकट डाग उमटला तर ती लोकर पुन्हा धुवावी. शिल्लक मेण वजनाच्या एक टक्क्याच्या खाली असणे पिंजण्यासाठी इष्ट मानले जाते. त्याहून जास्त असल्यास ते रुळांच्या दातांत साचते, मागाहून येणाऱ्या दुसऱ्याच कोणाच्या लोकरीलाही लागते, आणि यंत्र साफ करण्याचा खर्च मिल रास्तपणे आपल्याकडे मागते.

वाळवण आणि साठवण

पाणी काढण्यासाठी वॉशिंग मशीनचा केवळ पिळण्याचा टप्पा वापरता येतो, कारण त्यात पिशवी कडेला दाबली जाऊन लोकर आतल्या आत हलत नाही. धुण्याचा टप्पा चुकूनही सुरू होऊ देऊ नये. नंतर लोकर जाळीवर पातळ थरात पसरावी. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा हाताला ओली न लागता धरून ठेवू शकते, त्यामुळे स्पर्शावर विसंबू नये. पिशवीचे वजन करावे, लोकर आणखी एक दिवस पसरून ठेवावी आणि पुन्हा वजन करावे. वजन घटले असेल तर ती वाळलेली नव्हती. ओलसर लोकर प्लॅस्टिकमध्ये बांधून पाठवली की तिला बुरशीचा वास येतो, आणि यंत्रात ती एकसारखी मोकळी न होता पुंजक्यांनी पुढे सरकते.

न धुतलेली लोकर फार काळ साठवल्यास मेण घट्ट होत जाते आणि टोके पिवळी पडतात, म्हणून शक्यतो वर्षाच्या आत धुवून पाठवावी. कसरीकडेही लक्ष ठेवावे. तिच्या अळ्या तंतू कुरतडतात आणि ते तुकडे दुबार कातरणीच्या तुकड्यांइतकेच गुठळ्या करतात. पिशवीच्या तळाशी वाळूसारखे कण, रेशमासारखी जाळी किंवा तुटके तंतू सापडले तर शंका घ्यावी. लोकर घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे गोठवणे हा चांगला उपाय आहे. मिलपासून ही बाब लपवू नये, कारण कसर एका पिशवीतून संपूर्ण गोदामात जाते.

काडीकचऱ्याबाबत थोडक्यात सांगायचे तर गोखरू आणि कुसळे हातानेच काढावी लागतात. मोठ्या उद्योगात सौम्य गंधकाम्लाने वनस्पतिजन्य कचरा जाळून काढतात. लहान मिलकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. सुटी माती व धूळ झटकताना नाकावर मास्क असावा.

मेंढीखेरीज इतर तंतू

अल्पाका या उंटाच्या कुळातील लोकरीच्या प्राण्याच्या तंतूत मेंढीच्या लोकरीसारखे मेण जवळजवळ नसते, म्हणून त्याला कडक धुलाईची गरज नसते. त्याचा खरा शत्रू धूळ असतो. जाळीच्या फिरत्या पिंपात किंवा जाळीवर झटकून धूळ काढल्याशिवाय तो धुतला, तर पाण्यात चिखल होतो आणि तो तंतूंमध्ये बसतो. त्यातील राठ केस वेगळे काढायचे की नाही हे मिलशी आधी ठरवावे. शेळीच्या काश्मिरी लवेत हा प्रश्न अधिक तीव्र असतो, कारण १९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक लव आणि जाड केस एकत्रच निघतात. केस वेगळे करणारे यंत्र लव काही प्रमाणात तोडतेच. इतके बारीक तंतू सहज वाकतात आणि स्वतःभोवती गुंडाळतात, त्यामुळे त्यांच्या पेळूत काही गुठळ्या गृहीतच धराव्यात. भरड लोकरीसाठी बसवलेल्या रुळांवर बारीक लोकर देण्याचा आग्रह धरू नये. मिल नाही म्हणत असेल तर तिचे म्हणणे मान्य करावे.

गुठळ्यांचा पेळू हातात आलाच असेल तर

तो पुन्हा पिंजून मागू नये. प्रत्येक फेरीत आणखी काही तंतू तुटतात. मेण किंवा आखूड तुकडे हे मूळ कारण तसेच राहिल्यामुळे गुठळ्या कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता असते. हातफण्यांनी पेळू विंचरल्यास गुठळ्या आणि आखूड तंतू फणीत मागे राहतात व लांब तंतूंचा स्वच्छ पेळू मिळतो, मात्र वजनात बरीच घट सोसावी लागते. तेवढी घट परवडत नसेल, तर जाडसर, खडबडीत पोताचे सूत काढावे. गडद रंगात रंगवल्यास गुठळ्या उठून दिसतात आणि मुद्दाम ठेवल्यासारख्या वाटतात. मेणाचा दोष असल्यास पेळू सैल गुंडाळून, जाळीत ठेवून गरम पाण्यात पुन्हा धुता येतो, परंतु त्याची मांडणी विस्कटते आणि तो हाताने पुन्हा उलगडून घ्यावा लागतो.

पुढच्या खेपेच्या पिशवीवर जनावराची जात, कातरणीची तारीख, बटेची सरासरी लांबी, ताणून पाहिलेल्या बटांचा निकाल, किती वेळा आणि किती तापमानाला धुतली, आणि कशासाठी वापरायची आहे, एवढे लिहून एक चिठ्ठी बांधावी. मोठी खेप असेल तर संपूर्ण लोकर चालवण्यापूर्वी अर्धा किलो पिंजून नमुना दाखवण्याची विनंती करावी. अनेक मिल त्यासाठी तयार असतात, कारण पन्नास किलो लोकर बिघडल्यावर होणारा वाद त्यांनाही नको असतो.